आपल्या शाळेच्या बाई : कै. मिस रिबेका रूबेन



गेल्या हिवाळ्यात इथे अ‍ॅशबर्नला एका स्नेह्यांच्या घरी मलिदा होता. नवे घर घेतले म्हणून नवस फेडायचा होता. पोहे देशी वाण्याकडून आणलेले, ओला नारळ मिळेना म्हणून बर्फातला खवलेला, आणि मिन्यानला दहा पुरुष जमवता जमवता यजमानांच्या नाकी नऊ आलेले, ही आपली इथली परिस्थिती वाचकांना ठाऊकच आहे. तरी एलियाहू हन्नाबीचे गाणे झाले, मलिदा वाटला गेला, आणि पोरे तळघरात खेळायला गेली. तासाभराने ती वर आली ती एक ठराव पास करूनच. पुरीमला, म्हणजे आपले आजेपणजे ज्याला होळीचा सण म्हणत त्या दिवशी, यंदा एस्तेर राणीचे नाटक करायचे नाही. दर वर्षी तीच राणी, तोच हामान आणि तोच कागदी मुकुट. त्यांना हिंदुस्थानातल्या एखाद्या यहुदी बाईचे नाटक हवे होते.

वडील मंडळींनी लागलीच सिनेमातली नावे घ्यायला सुरुवात केली. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, नादिरा, प्रमिला. या तिघी बगदादी यहुद्यांतल्या, पण अशा वेळी आपण त्यांना आपल्याच म्हणतो. कोणीतरी आठवण करून दिली की १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट ज्या नाटकावरून घेतला त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड हे मात्र खास आपले, पेणकर. चर्चा रंगात आली. तेव्हा आम्ही मध्येच मिस रिबेका रूबेन यांचे नाव घेतले आणि सगळे गप्प झाले. नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेले होते. एका मुलाने विचारले, त्या काय करीत? आम्ही म्हटले, शाळेत शिकवीत. मग? मग त्याच शाळेत शिकवीत राहिल्या, २८ वर्षे. मुलाचा चेहरा पडला. त्याची चूक नव्हती. राणी नाही, हामान नाही, नुसती हजेरीपटाची २८ वर्षे, त्यात नाटक ते कुठले?

पण चूक आम्हा मोठ्यांची होती. कारण त्या मुलाला पुढे काय सांगावे हे तिथल्या एकालाही धड सुचले नाही, आणि आम्हालाही नाही. घरी आल्यावर ती गोष्ट मनाला लागून राहिली. म्हणून हा लेख.

रिबेका रूबेन यांचा जन्म १८८९ चा. त्यांची गोष्ट सांगण्यापूर्वी थोडे मागे जावे लागते, कारण बाई कोणत्या वाटेने आल्या हे कळल्याशिवाय त्या कुठे पोहोचल्या हे कळत नाही. कोकणातल्या शनिवार तेल्यांची आणि नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे, ती पुन्हा सांगत नाही. आपल्या पूर्वजांपाशी शब्बाथ होता, सुंता होती, शेमा होता, पण पुस्तक नव्हते. ते पुस्तक आपल्याला एकोणिसाव्या शतकात मिळाले, आणि गंमत अशी की ते मराठीच्या दारातून मिळाले. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. त्या शाळांत आपली मुले शिकली आणि आपलीच माणसे पंतोजी झाली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठी जाणणाऱ्यांसाठी हिब्रूचे व्याकरण काढले. मिशनऱ्यांचा हेतू आपल्याला ख्रिस्ती करण्याचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले आणि हेतू परत केला. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी प्रार्थनेची रीत घालून दिली, आणि पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानाने प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली. तात्पर्य, आपल्याकडे हिब्रू आणि मराठी यांचे भांडण कधी नव्हते. एक दुसरीचे बोट धरून आली.

याच धाग्यातून १८७५ साली मुंबईत इस्रायलाइट स्कूल निघाले. हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ते काढले. केहीमकर म्हणजे तेच, ज्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ पर्यंत लिहून पुरा केला आणि जो छापून निघायला १९३७ साल उजाडले, तोही तेल अवीवला. शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची मदत मिळे. शिक्षण मराठीतून, जोडीला इंग्रजी आणि हिब्रू. उमरखाडी, डोंगरी, मांडवी, भायखळा इथल्या चाळींतून राहणाऱ्या कारकून, मिस्त्री, रेल्वेतले, पोस्टातले, पलटणीतले अशा आपल्या लोकांची मुले तिथे येत.

शाळा सुरू झाल्यानंतर चौदा वर्षांनी रिबेकाबाई जन्मल्या. पण त्या शिकल्या पुण्याच्या हुजूरपागेत. ज्या जागी पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा होती तिथे १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक या मंडळींनी मुलींचे हायस्कूल काढले, आणि त्यासाठी पुण्यात केवढे वादंग माजले होते हे मराठी वाचकांस सांगायला नको. मुली इंग्रजी शिकल्या की घर बुडते, असे भल्याभल्यांचे मत होते. त्या शाळेतून १९०५ साली एक बेने इस्राएल मुलगी मॅट्रिकला बसली आणि साऱ्या मुंबई विद्यापीठात पहिली आली.

इथे क्षणभर थांबावे असे आम्हाला वाटते. मुंबई विद्यापीठ म्हणजे त्या काळी एका शहराचे विद्यापीठ नव्हे. मुंबई, पुणे, गुजरात, कर्नाटक आणि कराचीसकट सिंध, एवढ्या मुलखातली मुले त्या एका परीक्षेला बसत. त्यांत बुद्धीचा पिढीजात लौकिक असलेली घराणी होती, पिढ्यान् पिढ्यांचे पाठांतर होते, पैसा होता, खासगी शिकवण्या होत्या. आणि पहिल्या क्रमांकाला नाव आले ते जिची जात कोणती हेच निम्म्या लोकांना कळू नये अशा समाजातल्या सोळा वर्षांच्या मुलीचे. मराठी बोलते, साडी नेसते आणि शनिवार पाळते, ही कोण? त्याच १९०५ साली जोसेफ राजपूरकर वारले. ज्यांनी आपल्या समाजाला प्रार्थना मराठीत दिली ते गेले, आणि ही मुलगी पुढे आली. आम्हाला योगायोगांवर फार भरवसा नाही, पण हा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पदवीनंतर त्या विलायतेला गेल्या. पहिले महायुद्ध अजून व्हायचे होते. बोटीने तीन आठवडे लागत आणि एकट्या मुलीने जाणे ही गोष्ट कुठल्याच समाजात सहज नव्हती. लंडनला त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि केंब्रिजला हिब्रूचा अभ्यास केला. केंब्रिजची त्या वेळची तऱ्हा मोठी चमत्कारिक होती. मुलींनी व्याख्याने ऐकावीत, परीक्षा द्याव्यात, पण पूर्ण पदवी मागू नये. ती त्यांना १९४८ पर्यंत मिळाली नाही. दुसरीकडे यहुदी विद्येच्या दृष्टीने त्या गावाला तोड नव्हती. इस्राएल अब्राहम्स तिथे शिकवीत होते. कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या माळ्यावरून शेख्टर यांनी १८९७ च्या सुमारास आणलेली हजारो हस्तलिखिते तिथल्या ग्रंथालयात होती. त्यांत आठ-नऊशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या यहुदी व्यापाऱ्यांची पत्रेही होती, ती पुढे विद्वानांनी वाचून काढली. कोकणातल्या तेल्यांच्या वंशातली मुलगी अशा ठिकाणी जाऊन हिब्रू वाचत होती. तीन पिढ्यांपूर्वी आपल्यात ती अक्षरे ओळखणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

परत आल्यावर पुणे-बडोद्याकडे त्यांनी काही वर्षे शिकवले. इतक्या शिकलेल्या बाईला त्या काळी कामाचा तुटवडा नव्हता. संस्थानिक मुलींच्या शाळा काढीत होते, सरकारला इन्स्पेक्ट्रेस हव्या होत्या. विलायतेची शिक्षिका जी खुर्ची मागेल ती मिळण्याचे ते दिवस होते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या समाजात दुफळी झाली. १९१७ च्या सुमारास एकीकडे बेने इस्राएल कॉन्फरन्स आणि दुसरीकडे ऑल इंडिया इस्रायलाइट लीग अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. उणीपुरी काही हजार माणसांची आपली जमात, आणि तिच्या दोन अखिल भारतीय संस्था! वाचकांपैकी ज्यांनी न्यूयॉर्कला किंवा लोदला आपल्या मंडळांच्या निवडणुका पाहिल्या आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. दोन्ही बाजूंना भली माणसे होती, दोन्हींना शिक्षण हवे होते, सुधारणा हवी होती, आणि एकत्र बसायला मात्र कोणालाच वेळ नव्हता. अशा धामधुमीत रिबेकाबाईंनी काय केले? त्यांनी एक वार्षिक काढले. १९१७ पासून १९२० पर्यंत ‘बेने इस्राएल अ‍ॅन्युअल अँड इयर बुक’ त्यांच्या संपादनाखाली निघाले. वार्षिक म्हणजे काही तोफगोळा नव्हे. पण आपण कोण, किती, कुठे आणि काय करीत आहोत हे वर्षावर्षाला कागदावर उतरवणे, हे काम भांडणात कोणाच्या लक्षात येत नाही आणि भांडण विझल्यावर तेवढेच उरते. आज त्या काळच्या आपल्या समाजावर लिहू पाहणारा कोणीही अभ्यासक त्या चार वर्षांच्या अंकांपाशी येऊन थांबतो. सभांतली भाषणे हवेत गेली. पुढे त्यांनी ‘नोफेथ’ही चालवले. नोफेथ म्हणजे पोळ्यातून ठिबकणारा मध. नाव ठेवणाऱ्याला हिब्रू येत होते हे उघडच आहे, आणि आपल्या वाचकांना गोडाची आवड आहे हेही त्याला माहीत असावे.

१९२२ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्या इस्रायलाइट स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या.

मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरे म्हणजे या एका ओळीत आहे. पण ती ओळ वाचून अंगावर काटा यावा अशी नाही, म्हणून थोडे उलगडून सांगतो. मुंबईत त्या वेळी यहुदी मुलांसाठी आणखीही शाळा होती. भायखळ्याला बगदादी यहुद्यांची जेकब ससून यांच्या नावाची शाळा होती. तिथे माध्यम इंग्रजी, पाठीशी ससूनांची पुण्याई. आपल्यातलेही जे थोडे बऱ्या स्थितीतले होते त्यांचा ओढा हळूहळू कॉन्व्हेंटकडे आणि इंग्रजी शाळांकडे लागत होता. मराठी माध्यमाची इस्रायलाइट शाळा ही ज्यांना दुसरे काही परवडत नाही त्यांची शाळा ठरू पाहत होती. लंडन-केंब्रिज करून आलेली, विद्यापीठात पहिली आलेली बाई त्या शाळेत येऊन बसली, आणि तिने शाळेचे माध्यम मराठीच राहू दिले. ज्या बाईइतके इंग्रजी समाजात दुसऱ्या कोणाला येत नव्हते तिनेच मुलांना गणित आणि भूगोल मराठीतून शिकवावा, यातला अर्थ पालकांना किती कळला असेल कोण जाणे. इंग्रजी आणि हिब्रू होतीच, आणि ती चांगली हवीत हा आग्रह होता. पण घरची भाषा सोडून नव्हे.

इंग्रजी कसे शिकवावे याचा त्यांचा विचार त्यांच्या क्रमिक पुस्तकांतून आपल्या शाळेच्या भिंतीबाहेर गेला. ‘अशोक रीडर्स’ ही त्यांनी तयार केलेली इंग्रजीची पुस्तकमाला. नाव पाहा. इंग्रजी शिकवणारे पुस्तक, आणि पुस्तकाला नाव सम्राट अशोकाचे. आमच्या मते या नावात त्या बाईंचा अर्धा स्वभाव आला. समाजाबाहेरच्या, बेने इस्राएल हा शब्दही न ऐकलेल्या मुलांनी ती पुस्तके हाताळली, आणि लिहिणारी बाई मराठी यहुदी आहे हे त्यांतल्या कितीकांना ठाऊक असेल?

शाळेला पुढे सर एली कदूरी यांचा आश्रय मिळाला आणि तिचे नाव सर एली कदूरी हायस्कूल झाले. माझगावची कदूरी शाळा म्हणून आपण ओळखतो ती हीच. कदूरी मूळचे बगदादचे, संपत्ती मिळवली हाँगकाँग-शांघायला, आणि शाळांना पैसा दिला बगदादपासून मुंबईपर्यंत. बगदादी आणि बेने इस्राएल यांच्यात त्या काळी काय काय चालले होते, कोणी कोणाला सिनेगॉगात आणि कबरस्तानात कसे वागवले, ते उकरून काढण्याची ही जागा नव्हे. पण एका बगदादी धनिकाचे नाव आपल्या गरीब मुलांच्या मराठी शाळेवर लागले, ही त्या कडवट हिशेबातली एक जमेची नोंद आहे आणि ती करायला आम्हाला आनंद वाटतो.

आता त्या २८ वर्षांविषयी. १९२२ साली पहिलीत बसलेला सहा वर्षांचा मुलगा १९५० साली चौतिशीला आला. त्याचे स्वतःचे मूल तोवर त्याच शाळेत पाटी घेऊन जाऊ लागले असेल. म्हणजे दोन पिढ्या एका बाईंच्या नजरेखालून गेल्या. त्या काळात मुंबईने काय पाहिले नाही? गिरण्यांचे संप, दंगे, मिठाचा सत्याग्रह, युरोपातून जीव घेऊन आलेले यहुदी निर्वासित. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला तेव्हा मांडवी-माझगावच्या बाजूला आकाशातून लोखंडाचे तुकडे आणि आग पडत होती, आणि तोच आपल्या लोकांच्या वस्तीचा भाग. त्यानंतर नाविकांचे बंड, मग स्वातंत्र्य. या सगळ्यातून शाळेची घंटा वाजत राहिली. मुख्याध्यापकाचे काम कसे असते हे ज्यांच्या घरी शिक्षक आहेत त्यांना विचारा. फी थकलेली, बाप कामावरून कमी झालेला, मुलगी मोठी झाली म्हणून आई घरी बसवायला निघालेली, आणि इन्स्पेक्शन उद्यावर आलेले. नाटकात यातले काही दाखवता येत नाही. पण माणसे यातूनच घडतात.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगू द्या. आमची आजी त्याच शाळेत शिकली. तिचे शिक्षण लग्नामुळे मधेच थांबले. तिचा धाकटा भाऊ इस्राएलला गेला आणि बीरशेबाला राहिला. महिन्यातून एकदा शनिवार सुटल्यावर आजी निळे एरोग्राम घेऊन बसे. डोक्यावर, अगदी मधोमध, ती दोन हिब्रू अक्षरे काढी, बेथ आणि हे, म्हणजे देवाच्या कृपेने. खाली मजकूर मराठीत, मोडी वळणाच्या घोटीव अक्षरात, पापलेटच्या भावापासून कोणाच्या मुलीच्या मेंदीपर्यंत. आणि घडी घालून बाहेरचा पत्ता इंग्रजीत, एकही चूक नाही. आम्ही लहानपणी ते शेकडो वेळा पाहिले आणि त्यात काही विशेष आहे असे कधी वाटले नाही. तीन लिप्या, एक कागद, आणि लिहिणारी बाई चुलीपुढून उठून आलेली. हे कोणीतरी तिला शिकवले होते, हे कळायला आम्हाला अमेरिकेत यावे लागले.

याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर ही नुसती स्तुती होईल. जी शाळा मुलांना इंग्रजी आणि हिब्रू चांगले शिकवते ती त्यांच्या हातात जाण्याचे तिकीटही देते. १९४८ साली इस्राएलचे राज्य झाले आणि आपले लोक निघू लागले. बाई १९५० साली शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा वर्गांतून कोण कधी जाणार याची कुजबुज असणारच. ज्या समाजासाठी त्यांनी संस्थानांतल्या मोठ्या खुर्च्या सोडल्या तो समाज बोटीच्या आणि विमानाच्या रांगेत उभा होता. १९५१-५२ साली तिकडे गेलेल्या आपल्यातल्या काहींनी वागणुकीला कंटाळून धरणे धरले, परत मुंबईला आले, हेही त्यांच्या हयातीत घडले. त्यांना काय वाटले असेल याचा अंदाज बांधत बसणे आम्हाला पसंत नाही. १९५७ साली त्या वारल्या. पुढे १९६० नंतर तिकडच्या काही रब्बींनी आपल्या यहुदीपणाबद्दलच शंका काढली, आपल्या माणसांना जेरुसलेमच्या रस्त्यावर बसावे लागले, आणि १९६४ साली क्नेसेटने आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर केले. ते पाहायला बाई नव्हत्या. एका परीने बरेच झाले. हिब्रू शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना तो प्रश्न ऐकावा लागला नाही.

शाळेत पुढे आपली मुले कमी कमी होत गेली आणि शेजारपाजारच्या मुसलमान व हिंदू मुलांनी बाके भरली. काही समाजबांधव हे सांगताना उसासा टाकतात. आम्ही टाकत नाही. माझगावातल्या गरिबाच्या मुलाला शाळा मिळावी म्हणूनच ती होती, आणि ते काम तिने सोडले नाही. आणि आपली जी माणसे गेली त्यांनी मराठी बरोबर नेली. दिमोना, लोद, अश्दोदच्या घरांतून ती बोलली गेली, आणि १९८५ मध्ये इस्राएलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक निघाले. यहुद्यांच्या देशात यहुद्यांनी चालवलेले मराठी नियतकालिक! केहीमकर आणि राजपूरकर यांना हे कोणी सांगितले असते तर त्यांनी डोळे मोठे केले असते. रिबेकाबाईंना मात्र फारसे नवल वाटले नसते असे आपले आमचे मत.

अ‍ॅशबर्नची गोष्ट वेगळी आहे. इथे आपण मूठभर. चहूकडे संगणकांच्या कोठारांच्या खिडक्या नसलेल्या लांबच लांब इमारती, जणू गिरणगाव, फक्त भोंगा नाही आणि पाळी सुटल्यावर माणसांचा लोंढा नाही. आपली मुले इंग्रजी उत्तम बोलतात. हिब्रू बार मिझ्वापुरती येते. मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. तीनपैकी नेमकी जी घरची, तीच गळते आहे.

तर पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलांना पुन्हा एकत्र केले आणि आजीचे एक एरोग्राम त्यांच्यापुढे ठेवले. कोणी हिब्रू अक्षरे ओळखली, पत्ता तर सगळ्यांनीच वाचला, आणि मजकुराशी सगळे अडले. एका मुलीने अक्षर अक्षर लावीत पापलेट हा शब्द वाचला तेव्हा सगळे खो खो हसले. मग तिथेच नाटक ठरले. त्यात राणी नाही. एक वर्ग आहे. बाई येतात, हजेरीपट उघडतात आणि आडनावे घेतात : नवगावकर, केहीमकर, राजपूरकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर, चेऊलकर. ज्याचे आडनाव इथे येऊन कागदोपत्री अब्राहम किंवा सॅम्युएल एवढेच उरले आहे त्याने घरी विचारून आपले गाव शोधून आणायचे, आणि नाव पुकारल्यावर मराठीत हजर म्हणायचे. पहिल्या तालमीला दोघांना गाव सापडले नव्हते. त्यांच्या आजोबांना नेवाटिमला फोन गेला, तिकडे रात्रीचे दोन वाजले होते, आजोबा रागावले, पण गाव मिळाले.

बाईंचे काम ज्या मुलीकडे आहे तिला नऊवारी नको, पाचवारीच हवी, आणि ती पांढरी सुती असावी असा तिचा हट्ट आहे. इथल्या बायकांच्या कपाटांत रेशमी साड्या पुष्कळ, सुती पांढरी एकही निघाली नाही. कोणाकडे असल्यास कळवावे. तसेच ‘अशोक रीडर्स’चा एखादा भाग, ‘नोफेथ’चे जुने अंक, किंवा कदूरी शाळेचा १९५० पूर्वीचा वर्गाचा फोटो कोणा वाचकाच्या ट्रंकेत असेल तर त्याची प्रत काढून घेऊ द्यावी. मूळ वस्तू सुखरूप परत करण्याची जबाबदारी आमची.